बार्शीची साथ आणि आईचे गुडघे

माझं आजोळ बार्शीचं. सोलापूर जिल्ह्यातलं हे गाव आपल्याला भगवंताच्या देवळामुळे माहीत असतं, पण साथींच्या इतिहासात त्याची नोंद वेगळ्याच कारणानं आहे. १९७३ साली इथे चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. 'चिकुनगुन्या' हा शब्द टांझानियातल्या माकोंडे भाषेतला. अर्थ साधारण 'माणसाला वाकवणारा'. त्या साथीनंतर हा आजार आपल्याकडून जवळजवळ तीस वर्षं गायब झाला, आणि २००६ मध्ये महाराष्ट्रात परत आला.

तेव्हा सोलापुरात आईला तो झाला. ताप आठवड्यात गेला, गुडघे आणि मनगटं मात्र दोन वर्षं दुखत राहिली. मी पुण्यात नवीन नोकरीला. रिलीजच्या गडबडीत घरी फोन करायचा राहिला, की त्या रात्री तिचं दुखणं हमखास वाढायचं. एकदा मी वैतागून म्हणालो, "अगं आई, सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत!" ती गप्प बसली. त्यानंतर तिनं मला दुखण्याबद्दल सांगणंच बंद केलं.

माझ्या डोक्यात होतं ते सतराव्या शतकातलं मॉडेल. देकार्तचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६६४च्या सुमारास छापलं गेलं. त्यात वेदना म्हणजे घंटेची दोरी: इकडे ओढली, तिकडे मेंदूत घंटा वाजली. जेवढी इजा तेवढी वेदना. हिशोब सोपा आहे, पण चुकीचा.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरनं पाहिलं, की गंभीर जखमी झालेले कितीतरी सैनिक मॉर्फिन मागतच नाहीत. त्यांच्यासाठी जखम म्हणजे जिवंत घरी परतण्याचं तिकीट होतं! १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं, की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं आणि मेंदूकडून खाली येणारे निरोपही ते उघडझाप करतात. मूळ मांडणीत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण वाहतूक दुहेरी आहे हा मुद्दा टिकला.

मग २००७ साली मँचेस्टरच्या संशोधकांनी गुडघ्याच्या संधिवाताचे १२ रुग्ण मेंदूच्या स्कॅनखाली पाहिले. त्याच गुडघ्याला मुद्दाम दिलेला चटका आणि रोजचं दुखणं यांची तुलना केली. रोजच्या दुखण्यात भीती आणि भावना हाताळणारे भाग, उदाहरणार्थ अमिग्डाला, जास्त कामाला लागलेले दिसले. रुग्ण थोडेच होते, पण दिशा स्पष्ट होती.

आपल्या भाषेत सांगायचं तर काळजी नवीन एरर तयार करत नाही, ती थ्रेशोल्ड खाली आणते. सांध्यातून येणारा तोच सिग्नल मेंदू 'धोका' म्हणून वाचतो आणि फाटक आणखी उघडतो. दुखलं की काळजी वाढते, काळजी वाढली की दुखणं. लूप! म्हणून सांध्यावरचा इलाज हवाच, पण झोप, हालचाल आणि मनाचा धीर हेही इलाजच.

म्हणजे फोन आला नाही की आईचे गुडघे खरोखरच जास्त दुखत होते. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं, पण बऱ्याच वर्षांनी. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी नाटक करत नव्हते, हे तुला आत्ता कळलं होय?"

असो. आज शनिवार आहे. तुम्ही घरी फोन केलात का?