मार आणि सैतान : शत्रू कोठे शोधावयाचा?

जगातील अनेक धर्मपरंपरांनी दुष्टतेला एक नाव आणि एक रूप दिलेले आढळते. ज्यू, ख्रिस्ती व इस्लामी परंपरेत तो सैतान आहे. पालि साहित्यात तो मार आहे. 'मार म्हणजे बौद्धांचा सैतान' असे समीकरण पुष्कळदा मांडले जाते. ते कितपत खरे आहे, हे पाहण्याचा प्रयत्न आम्ही येथे करणार आहोत. प्रश्न केवळ नावाचा नाही. माणसाने आपला शत्रू कोठे शोधावयाचा, हा त्यामागील खरा प्रश्न आहे.

प्रथम सैतानाचा विचार करू. मूळ हिब्रू शब्द 'सातान' हे आरंभी विशेषनाम नव्हते. विरोध करणारा, आरोप ठेवणारा, एवढाच त्याचा अर्थ. बायबलच्या 'गणना' या ग्रंथात बलामाची वाट अडविणाऱ्या परमेश्वराच्या दूतालाच हा शब्द लावलेला आहे. 'ईयोब' या ग्रंथात सातान परमेश्वराच्या दरबारात हजर असतो आणि त्याच्या परवानगीवाचून काहीही करीत नाही. या कल्पनेत बदल कसा घडला, हे एका कथेवरून स्पष्ट होते. दावीद राजाने प्रजेची शिरगणती केली आणि ती पाप ठरली. 'दुसरे शमुवेल' या ग्रंथात दाविदाला हे करावयास खुद्द परमेश्वर प्रवृत्त करतो. पुढे बॅबिलोनमधील बंदिवासानंतर रचलेल्या 'पहिले इतिहास' या ग्रंथात तीच कथा पुन्हा येते. मात्र तेथे प्रवृत्त करणारा सातान आहे. जे कृत्य ईश्वराचे होते ते आता त्याच्या विरोधकाच्या नावे जमा झाले.

असे का झाले असावे? इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेमचा पाडाव झाला. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या कुरुश राजाने बॅबिलोन जिंकले आणि ज्यू लोक इराणी सत्तेखाली आले. मंगल अहुर मज्द आणि अमंगल अंग्र मैन्यु यांचे द्वंद्व मानणाऱ्या इराणी धर्माचा येथे प्रभाव पडला, असे अनेक अभ्यासक मानतात. तो किती, याविषयी मतभेद आहेत. परंतु आमच्या मते कारणाचे मूळ अधिक खोल आहे. ईश्वर एकच, सर्वशक्तिमान आणि परम दयाळू आहे असे मानले, की जगातील दुःखाचा हिशेब लागत नाही. तो लावण्यासाठी दुसऱ्या कर्त्याची गरज भासते.

पुढे या कल्पनेचा सामाजिक उपयोग सुरू झाला. अमेरिकन विदुषी एलेन पेगल्स यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे, की ख्रिस्ती परंपरेने आधी ज्यू विरोधकांना, मग मूर्तिपूजकांना आणि शेवटी स्वतःतील भिन्नमतवादी ख्रिस्तींना सैतानाच्या पक्षात ढकलले. युरोपात चेटकीण ठरवून हजारो स्त्रियांना ठार मारण्यात आले, तेही त्या सैतानाच्या हस्तक आहेत असे म्हणूनच.

आपल्या देशातही याहून वेगळे घडले नाही. ऋग्वेदात वरुणासारख्या देवतेला गौरवाने लावलेला 'असुर' हा शब्द पुढे देवांच्या शत्रूंचा वाचक झाला. इराणात याउलट 'अहुर' पूज्य राहिला आणि 'दएव' दुष्ट ठरले. एकाचा देव तो दुसऱ्याचा दैत्य! विष्णुपुराणातील मायामोहाची कथा तर बौद्धांनी विसरू नये अशी आहे. दैत्यांना वेदमार्गापासून भ्रष्ट करण्यासाठी विष्णूने निर्माण केलेला हा मायामोह रक्तवस्त्रे धारण करून अहिंसेचा उपदेश करतो. म्हणजे धम्म ही फसवणूक आणि धम्म ऐकणारे ते दैत्य. म. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त बळीराजाची कथा उलटी वाचली, ती याच नामकरणाविरुद्ध. ज्याच्या राज्याची कामना मराठी घरांतून दिवाळीत आजही बोलली जाते, तो दैत्य कसा, हा त्या वाचनामागील साधा प्रश्न होय.

आता माराकडे वळू. 'मार' म्हणजे मारणारा. पालि ग्रंथांत त्याला मच्चु, अंतक, पापिमा, कण्ह आणि नमुचि अशीही नावे आहेत. नमुचि हा ऋग्वेदात इंद्राने मारलेला शत्रू. म्हणजे नाव जुने आहे. परंतु त्यात भरलेला आशय नवा आहे. सुत्तनिपातातील पधानसुत्तात माराच्या सेनेची यादी येते : कामवासना, अरति, भूक व तहान, तृष्णा, आळस, भीती, शंका, दांभिकपणा व ताठरपणा. यादीच्या शेवटी लाभ, सत्कार, आत्मस्तुती आणि परनिंदा येतात. या सेनेत एकही परधर्मी नाही, एकही परजातीय नाही. सर्व सैनिक आपल्याच मनात तळ ठोकून बसलेले आहेत.

पालि ग्रंथांत मार हा देवपुत्र म्हणूनही येतो, हे नाकारण्याचे कारण नाही. संयुत्तनिकायातील मारसंयुत्तात २५ सुत्ते आहेत. त्यांत तो कधी हत्ती होतो, कधी नाग, तर कधी पायांना चिखल लागलेला शेतकरी होऊन तथागतांना आपले बैल पाहिले का म्हणून विचारतो. परंतु प्रत्येक प्रसंगाचा शेवट सारखाच आहे. हा मार आहे, हे तथागत ओळखतात आणि ओळखला जाताच तो खिन्न होऊन अंतर्धान पावतो. त्याला जाळावे लागत नाही की नरकात लोटावे लागत नाही. ओळख हेच शस्त्र.

मज्झिमनिकायातील मारतज्जनीयसुत्त तर याहून पुढे जाते. महामोग्गल्लान थेर माराला सांगतात, की पूर्वी ककुसंध बुद्धांच्या काळी मीच दूसी नावाचा मार होतो. माझी बहीण काली आणि तू तिचा पुत्र. म्हणजे मार हा अग्रश्रावकाचा भाचा! मार हे पद आहे. कर्माने ते मिळते आणि कर्माने सुटते. येथे कोणीही जन्माने अथवा कायमचा दुष्ट नाही. सैतानाची रूढ कल्पना आणि मार यांतील निर्णायक भेद आम्हाला येथे दिसतो.

भिक्खुनीसंयुत्तातील सोमा थेरीचा प्रसंगही महत्त्वाचा आहे. सावत्थीच्या अंधवनात मार तिला सांगतो, की ऋषींना लाभणारे पद स्त्रीच्या तोकड्या बुद्धीला लाभणार नाही. चित्त स्थिर असेल तेथे स्त्रीत्वाचा संबंधच काय, असे सोमा उत्तरते. 'तुझा जन्मच कमी दर्जाचा, तुला हे जमणार नाही,' हा आवाज आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. तो आधी बाहेरून येतो आणि पुढे आतून बोलू लागतो. सुत्तकारांनी त्याला मार म्हटले, यात त्यांची मर्मदृष्टी दिसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात माराच्या स्वारीचा अर्थ दुष्ट विचार व विकार यांचे मनावरील आक्रमण असाच लावला आहे. याचा अर्थ अन्याय हा मनाचा खेळ आहे असा नव्हे. अन्याय बाहेर आहे आणि त्याच्याशी लढलेच पाहिजे. बाबासाहेबांचे सारे जीवन याची साक्ष आहे. परंतु लढताना समोरच्या माणसाला मार ठरविले, की आपण मायामोहाची कथा रचणाऱ्यांच्या पंक्तीला जाऊन बसतो. आपल्या चळवळीत मतभेद होतात, गट पडतात आणि कालचा सहकारी आज धम्मद्रोही ठरतो. अशा वेळी पधानसुत्तातील यादी पुन्हा वाचावी. तिच्या शेवटी आत्मस्तुती आणि परनिंदा आहेत.

अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात मारविजयाचे भव्य शिल्प आहे. त्यात माराची सेना गजबजलेली आहे आणि मध्यभागी तथागत भूमीला स्पर्श करून शांत बसलेले आहेत. त्यांच्या हाती शस्त्र नाही. तेथे जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी त्या सेनेतील चेहरे न्याहाळावेत आणि त्यांपैकी आपल्या ओळखीचे किती, हे स्वतःला विचारावे.