लोकप्रतिनिधीचे मत : नोंद कोठे, जबाबदारी कोणाची?

निवडणुकीचा अर्ज भरताना उमेदवाराला शपथेवर बरेच काही सांगावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ मधील निकालांनंतर मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणे यांचा तपशील प्रतिज्ञापत्रात देणे बंधनकारक झाले. मात्र, पूर्वी आमदार वा खासदार राहिलेल्या उमेदवाराने सभागृहात कोणत्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि कोणत्या विधेयकाला विरोध केला, यासाठी त्या प्रतिज्ञापत्रात रकाना नाही. ज्या कामासाठी लोकांनी त्याला निवडून दिले, नेमका त्याचाच हिशेब त्यात सापडत नाही.

अमेरिकेत हा हिशेब निवडणुकीच्या केंद्रस्थानी असतो. इराकविरुद्ध लष्करी बळ वापरण्यास मुभा देणारा ठराव ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत केला. हिलरी क्लिंटन यांनी त्या वेळी बाजूने दिलेले मत २००८ च्या उमेदवारीच्या लढतीत त्यांची पाठ सोडेना. बराक ओबामा तेव्हा सिनेटमध्ये नव्हतेच. युद्धाला विरोध करणारे त्यांचे भाषण होते, पण मत देण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. उलट इलिनॉय राज्याच्या सभागृहात त्यांनी शंभराहून अधिक वेळा होकार वा नकार न देता नुसती 'उपस्थित' अशी नोंद केली होती, आणि प्रचारात त्यांना त्याचा जाब द्यावा लागला. नोंद असली की असे प्रश्न विचारता येतात.

भारतात अडचण सुरू होते ती नोंदीपासूनच. संसदेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. पीठासीन अधिकाऱ्याच्या निर्णयाला आव्हान दिल्यास मतविभाजन घेण्याची तरतूद आहे. पण मागणी अनावश्यक वाटल्यास लोकसभेच्या अध्यक्षांना सदस्यांना जागेवर उभे करून केवळ मोजणी करता येते, आणि तेव्हा नावे नोंदवली जात नाहीत. घटनादुरुस्तीसाठी विशेष बहुमत सिद्ध करावे लागत असल्याने तेथे मात्र मतविभाजन होते.

तीन कृषी कायद्यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सप्टेंबर २०२० मध्ये या विधेयकांवर राज्यसभेत मतविभाजनाची मागणी झाली, गदारोळ झाला आणि विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. वर्षभराच्या आंदोलनानंतर २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते कायदे रद्द करणारे विधेयकही आवाजी मतदानानेच संमत झाले. आपल्या खासदाराने या कायद्यांना होकार दिला की नकार, हे कामकाजाच्या अहवालातून एखाद्या शेतकऱ्याला शोधायचे म्हटले, तर दोन्ही वेळांचे उत्तर कोरे आहे.

महाराष्ट्र विधानसभेत तर खुद्द विश्वासदर्शक ठरावच असा पार पडला. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारपाशी स्वबळावर बहुमत नव्हते, राष्ट्रवादी काँग्रेसने बाहेरून पाठिंब्याची तयारी दर्शवली होती आणि शिवसेना विरोधी बाकांवर होती. ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभाजनाची मागणी लावून धरली; ती मान्य झाली नाही. सरकार कोणाच्या मतांवर तरले, याची नावनिशीवार नोंद त्यामुळे कधीच झाली नाही. राजकीयदृष्ट्या ती अनेकांच्या सोयीची ठरली, हे वेगळे सांगायला नको.

नोंद झाली तरी मत कोणाचे, हा प्रश्न उरतोच. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणारा, किंवा पूर्वपरवानगीविना गैरहजर राहणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले तरच त्याची सुटका. आदेशाला विषयाची मर्यादा नाही. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच हे बंधन सरकारच्या अस्तित्वाशी निगडित मतदानापुरते ठेवावे, अशी शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली. अशा स्थितीत एखाद्या खासदाराचे शंभर वेळचे मत तपासले, तरी हाती येतो तो पक्षाचा कल. महाराष्ट्राने जुलै २०२२ मध्ये याहून विचित्र प्रसंग पाहिला : शिवसेनेच्या दोन गटांनी परस्परविरोधी पक्षादेश काढले. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी स्पष्ट केले, तोवर मते देऊन दहा महिने झाले होते.

नुसता आकडाही फसवा असतो. ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षण विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ मताने संमत झाले. ते एकमेव विरोधी मत शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांचे होते. चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरवणारा आणि 'लक्ष्मी मुक्ती' मोहिमेतून पत्नीच्या नावे जमीन करून देण्यास शेतकऱ्यांना प्रवृत्त करणारा हा नेता होता. त्यांचा आक्षेप मतदारसंघ फिरते ठेवण्याच्या पद्धतीला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये याच विषयावरील विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले, तेव्हाच्या दोन विरोधी मतांपैकी एक औरंगाबादचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील यांचे होते. ओबीसी आणि मुस्लिम महिलांना स्वतंत्र वाटा नाही, हे त्यांच्या पक्षाचे कारण. दोन्ही विरोध आकड्यांच्या तक्त्यात सारखेच दिसतात. भाषणे वाचली तरच फरक कळतो.

मतदाराने उमेदवाराची जुनी मते पाहावीत, यात वाद असण्याचे कारण नाही. आज त्यासाठी उपलब्ध असलेली साधने तुटपुंजी आहेत, पण अगदीच शून्य नाहीत. मतविभाजन झालेल्या विषयांची नावनिशीवार यादी संसदेच्या छापील कामकाजात आणि संकेतस्थळावर मिळते. खासदाराने विचारलेले प्रश्न आणि केलेली भाषणे तेथेच आहेत. संसदीय समितीच्या अहवालाला जोडलेली भिन्नमत पत्रिका तर विशेष वाचनीय, कारण समितीत पक्षादेश लागू होत नाही आणि तेथील असहमती सदस्याने स्वतःच्या सहीने नोंदवलेली असते.