संगणकाची बखर : दौंडची तार, कुलाब्याचा टिफ्रॅक आणि घोडनदीचा डेस्कटॉप

सुटे भाग आणून घरी जुळवलेला संगणक काम करता करता अचानक कोसळतो आणि पुन्हा सुरू केल्यावर काही घडलेच नाही असा वागतो. तो का कोसळला हे शोधण्याची रीत मात्र संगणकाहून बरीच जुनी आहे. आजचा थ्रेड त्या रीतीविषयी.

सुरुवात दौंडपासून. १८७८ मध्ये मनमाडचा लोहमार्ग येऊन मिळाला आणि दौंड जंक्शन झाले. रुळांच्या कडेने तारायंत्राच्या तारा धावत. तार मुकी झाली, की प्रत्येक खांब तपासत चालणे परवडणारे नव्हते. मधल्या ठाण्यावरून दोन्ही दिशांना चाचणी घ्यायची, जी बाजू बोलते ती सोडायची आणि मुक्या बाजूचे पुन्हा दोन भाग करायचे. निव्वळ हिशेबाने पाहिले तर शंभर मैलांचा शोध अशा सात फेऱ्यांत एका मैलाच्या आत येतो. आज आपण रॅमच्या चार पट्ट्यांपैकी दोन काढून पाहतो, ती हीच युक्ती.

पुढचा मुक्काम मुंबई. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुणांनी देशात संगणक बांधायला घेतला. थेट मोठे यंत्र न उभारता त्यांनी आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र तयार केले. रचनेतील चुका स्वस्तात सापडाव्यात, हा त्यामागचा शहाणपणा. पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. म्हणजे दगा देऊ शकतील अशा तितक्याच जागा!

नलिकांचा स्वभाव जगभर सारखाच होता. सुमारे १८,००० नलिकांचा अमेरिकी ‘एनिॲक’ शक्यतो बंदच केला जात नसे, कारण नलिका बहुधा चालू-बंद करतानाच जळत. ‘व्हर्लविंड’ बांधणाऱ्या एमआयटीच्या अभियंत्यांनी याहून धीट उपाय काढला. ते विजेचा दाब मुद्दाम कमी-जास्त करीत आणि उद्या मरणारी नलिका आजच उघडी पाडीत. अधूनमधून उद्भवणारा दोष हा सर्वांत वाईट. तो आपल्याला सोयीच्या वेळी घडवून आणता आला, तर निम्मे काम झाले. १९९४ पासून चालत आलेला ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर रॅमला पिळून काढतो, तो याच तत्त्वावर.

आता आपला, इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा प्रांत. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पानिपतासंबंधीची समकालीन पत्रे पुढे ठेवून बखरींचा अधिकार तपासायला लावला. संगणक कोसळल्यावर विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसते आणि लोक ‘पॉवर’ शब्द वाचून लगेच वीजपुरवठ्याचा खोका बदलतात. पण ही नोंद शुद्ध बखर आहे! ती कोसळताना नव्हे, पुढच्या वेळी यंत्र सुरू झाल्यावर लिहिली जाते. तिचा अर्थ एवढाच, की मागील कारकीर्द रीतसर संपली नाही. तिच्यातील बगचेक कोड शून्य असेल, तर विंडोजला शेवटचा शब्द उच्चारायलाही वेळ मिळाला नव्हता. तेव्हा आधी वीज, खोका आणि तापमान यांच्याकडे पाहावे. कोड असेल, तर मिनीडंप फाइल शोधावी. ते समकालीन पत्र.

विजेबद्दल एक आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. प्रमाणित खोका पूर्ण भार असताना साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. दिवा नुसता लुकलुकला तरी यंत्र पडू शकते, ते यामुळे.

शिरूरचा एक मित्र लग्नाच्या चित्रफितींचे संकलन करतो. उसाच्या बिलातून उभारलेले त्याचे यंत्र ऐन लग्नसराईत दिवसातून तीनदा कोसळू लागले. दुकानदाराने ‘मदरबोर्ड गेला’ असा निकाल दिला. आम्ही आधी एक वही घातली : वेळ, चालू काम, दिवे लुकलुकले का. दहा दिवसांत दोन गट स्पष्ट झाले. एक गट वाडीवरचे पंप सुरू होण्याच्या वेळेशी जुळणारा, शून्य कोडचा. दुसरा कोणत्याही वेळी येणारा, दरवेळी वेगळा कोड देणारा. दोन आजार एकमेकांत मिसळले होते, म्हणून एकच कारण शोधणाऱ्याला काहीच सापडत नव्हते.

यूपीएस जोडल्यावर पहिला गट थांबला. दुसऱ्यासाठी रॅमचा वाढीव वेग, म्हणजे एक्सएमपी, बंद केला. फरक पडला नाही. मग दौंडच्या तारेप्रमाणे एकेक पट्टी वेगळी तपासली. पहिली रात्रभर निर्दोष राहिली. दुसरीने चौथ्या फेरीत लाल ओळी दाखवल्या. ती वॉरंटीत बदलून मिळाली. मदरबोर्ड अजून तोच आहे.