जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या कार्यातील शिल्प आणि वास्तू यांचा अनुबंध

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या वास्तूंचा इतिहास प्रामुख्याने वास्तुविशारदांच्या नावाने लिहिला जातो आणि त्यांवरील शिल्पांची बोळवण 'सजावट' या एका शब्दात होते. जॉन लॉकवुड किपलिंग (१८३७–१९११) यांचे कार्य पाहता ही विभागणी अपुरी ठरते. त्यांच्या कार्यातील शिल्प व वास्तू यांच्या परस्परसंबंधाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुंबईतील कार्य

स्टॅफर्डशायरमधील मृत्पात्रांचे कारखाने आणि लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या इमारतीवरील शिल्पकाम यांतून किपलिंग घडले. साहजिकच, शिल्प हे दालनात मांडण्यासाठी नसून इमारतीचा घटक म्हणून असते, ही जाण त्यांच्यापाशी होती. १८६५ मध्ये ते सर ज. जी. कलाशाळेत वास्तुशिल्पाचे अध्यापक म्हणून रुजू झाले. त्याच दशकात मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला जाऊन नव्या सार्वजनिक इमारतींची उभारणी सुरू झाली होती.

विल्यम इमर्सन यांच्या आराखड्यानुसार १८६९ मध्ये पूर्ण झालेली क्रॉफर्ड मार्केटची इमारत, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, हे या संदर्भातील महत्त्वाचे उदाहरण होय. तिच्या प्रवेशद्वारांवरील कमानींत किपलिंग यांची उत्थित शिल्पे आहेत. मध्ययुगीन युरोपीय चर्चच्या द्वारावर ज्या जागी अंतिम न्यायासारखे धार्मिक प्रसंग कोरले जात, त्याच जागी येथे कष्टकरी भारतीय माणसे आहेत. मानवाकृतींच्या मांडणीला कमानीच्या आकाराने मर्यादा घातली आहे, तर इमारतीचे प्रयोजन त्या आकृतींमुळे स्पष्ट होते. शिल्प वगळल्यास कमान उभी राहील. मात्र तिचा आशय लोप पावेल.

श्रेयाचा प्रश्न

तथापि, या अनुबंधाला दुसरी बाजूही आहे. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरील (१८७८–१८८८) कोरीवकामात कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. परंतु त्यांचा निर्देश बहुधा समूह म्हणूनच होतो. भारतीय श्रमिक शिल्पाचा विषय झाला. शिल्पाचा कर्ता म्हणून मात्र तो अनामिक राहिला.

१८७५ मध्ये किपलिंग लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्राचार्य झाले. तेथील त्यांचे शिष्य भाई राम सिंग हे सुतारकाम करणाऱ्या कुटुंबातून आलेले होते. राणी व्हिक्टोरिया यांच्या ऑस्बोर्न येथील निवासस्थानातील दरबार दालन (१८९०–९१) या गुरुशिष्यांनी मिळून साकारले. पुढे राम सिंग यांनी अमृतसरच्या खालसा महाविद्यालयाच्या वास्तूचा आराखडा स्वतः केला. कारागीर ते वास्तुविशारद हा त्यांचा प्रवास पाहता, कोरणारा आणि रचणारा यांच्यातील सीमारेषा कौशल्याने आखलेली नव्हती, हे दिसून येते.

निष्कर्ष

किपलिंग यांच्या कार्यात शिल्प हे वास्तूचे अंगभूत माध्यम आहे. म्हणून अशा वास्तूंच्या अध्यापनात आराखड्याइतकेच छिन्नीच्या कामालाही स्थान द्यावे लागेल. त्याखेरीज या इमारती घडविणाऱ्या भारतीय हातांची दखल इतिहासात घेतली जाणार नाही.