हात धुतले का, ताई?

आपल्या गावांतल्या कितीतरी मुली आता नर्सिंगला जातात. कुणी एएनएम करते, कुणी जीएनएम. घरी आल्या की सांगतात, "आई, आम्हाला हात कसे धुवायचे ते शिकवलं." घरच्यांना हसू येतं. हात धुणं काय शिकायची गोष्ट आहे? पण हा धडा फार महागात मिळालेला आहे. त्याची किंमत बाळंतिणींनी मोजली आहे. आज तीच हकिगत ऐकू या.

गोष्ट ऑस्ट्रिया देशातल्या व्हिएन्ना शहराची. तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टरकी शिकणारी मुलं असत, दुसऱ्यात सुईणपण शिकणाऱ्या बाया. एका दिवशी आलेल्या बायका पहिल्या विभागात, दुसऱ्या दिवशी आलेल्या दुसऱ्यात, अशी पाळी होती. येणाऱ्या बहुतेक गरीबच.

१८४६ साली पहिल्या विभागात ४०१० बाळंतपणं झाली आणि ४५९ बाया दगावल्या. म्हणजे शंभरात अकरा. सुईणींच्या विभागात शंभराला तीनही नाहीत. बहुतेकींचा जीव घेणारा एकच आजार, बाळंतज्वर. शहरातल्या बायकांना हे ठाऊक होतं. पहिल्या विभागात नाव निघालं की त्या गुडघे टेकून विनवायच्या, "तिकडे नको." मोठे डॉक्टर मात्र म्हणत, हवाच वाईट आहे.

तिथे इग्नाझ सेमेलवाइस नावाचा हंगेरीचा तरुण डॉक्टर होता. त्यानं बायकांचं म्हणणं खरं मानलं आणि कारण शोधायला लागला. हवा म्हणावी, तर दोन्ही विभागांची एकच. गर्दी म्हणावी, तर ती सुईणींकडे जास्त. बाळंतपण कुशीवर करून पाहिलं. मरणाऱ्यांसाठी येणाऱ्या पाद्र्याची घंटाही बंद करवली. मरणं काही थांबली नाहीत.

१८४७ च्या मार्चमध्ये त्याचा एक डॉक्टर मित्र वारला. शवविच्छेदन करताना शिकाऊ मुलाची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्याच्या शरीरात जे बिघाड दिसले, ते बाळंतज्वरानं गेलेल्या बायांसारखेच होते. तेव्हा सेमेलवाइसला उलगडा झाला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेतं चिरत आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत. सुईणी प्रेतांना हात लावत नसत. दोन विभागांत फरक होता तो एवढाच.

साबणानं हात धुतले तरी प्रेताचा वास राहतो, हे त्यानं पाहिलं होतं. म्हणून मे महिन्यात त्यानं क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाया गेल्या होत्या. जुलैत जेमतेम एक गेली.

ऑक्टोबरमध्ये आणखी एक गोष्ट कळली. एका बाईला गर्भाशयाचा कर्करोग होता, घाण स्राव जात होता. तिला तपासून डॉक्टर पुढच्या बाळंतिणींकडे गेले. त्या बारांपैकी अकरा जणी दगावल्या. म्हणजे घाण फक्त प्रेताची नसते, जिवंत रुग्णाकडूनही ती हातावर येते. तेव्हापासून नियम झाला, प्रत्येक बाईनंतर हात धुवायचे.

तरी मोठ्या डॉक्टरांना ते पटेना. आपल्या हातांनी बाया मेल्या, हे कबूल करणं जड गेलं. १८४९ मध्ये त्याची नोकरी गेली. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात, जखम चिघळून, तो ४७ व्या वर्षी वारला. पुढे फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी या तापाचे जंतू दाखवले, तेव्हा जगाला पटलं.

म्हणून आज नर्सिंगच्या मुलीला पाच वेळा सांगतात: रुग्णाला हात लावण्याआधी, सुई, सलाइन, ड्रेसिंगसारख्या कामाआधी, रक्त, लघवी, पू यांच्याशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या खाटेला, सामानाला हात लागल्यावर. अंगठ्या, बांगड्या काढून, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं घासून, साबणानं ४० ते ६० सेकंद. हातमोजे घातले म्हणून सुटका नाही, ते काढल्यावरही धुवायचे. दाईंना शिकवल्या जाणाऱ्या पाच स्वच्छतांमध्येही पहिला मान हातांचाच. मग जागा, ब्लेड, दोरा आणि नाळ.

मैत्रिणींनो, व्हिएन्नाच्या बायकांना धोका कळला होता, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. आपण मात्र बोलायचं. लेकीसुनेच्या खाटेजवळ कुणीही आलं, डॉक्टर असो, नर्स असो की बाळ बघायला आलेली आत्या, गोड शब्दांत विचारायचं, "हात धुतले का?" यात कुणाचा अपमान नाही. चांगल्या नर्सताईला तर हा प्रश्न आवडेलच. आणि तुमची मुलगी नर्स होत असेल तर तिला सांगा, कुणी असं विचारलं तर रागवू नकोस, बाळा. तिच्यासमोरच पुन्हा हात धू.