नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प (बुलढाणा जिल्हा)

जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सुरू केलेला हवामान-अनुकूल शेतीचा प्रकल्प. ‘पोकरा’ या संक्षिप्त नावाने तो गावोगाव परिचित आहे. जागतिक बँक ही विकास बँक आहे, म्हणजे ज्या कामांचा परतावा उशिरा मिळतो व व्यापारी बँका ज्यांत सहसा उतरत नाहीत, अशा सार्वजनिक कामांना ती दीर्घ मुदतीचे कर्ज देते. तिचे ४२ कोटी डॉलर व राज्याचा हिस्सा मिळून सुमारे ४,००० कोटी रुपयांचा हा प्रकल्प आरंभी मराठवाडा, विदर्भ व खानदेशातील १५ जिल्ह्यांसाठी आखला गेला. कर्जाची परतफेड राज्याकडे असून शेतकऱ्याला अनुदान मिळते.

बुलढाण्यात प्रकल्पाची खरी कसोटी घाटाखाली, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात लागते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांतील जमीन खोल, काळी व चिकण असून तिच्यात पाण्याचा निचरा मंद होतो, आणि भूजल खारे असल्यामुळे विहिरीच्या पाण्याने ओलित केल्यास क्षार साठून जमीन चोपण बनते. म्हणजेच अन्यत्र उत्पन्न वाढवणारी विहीर येथे जमिनीचाच नाश करू शकते. म्हणून येथे शेततळ्याला विशेष महत्त्व आहे. त्यात पावसाचे गोडे पाणी साठते, चिकणमातीमुळे ते फारसे पाझरत नाही, आणि पावसाने ओढ दिली असता कपाशी-तुरीला एखादे संरक्षित ओलित देता येते. घाटावर चिखली, मेहकर या बाजूस मात्र उतारावरील माती व पाणी अडवणे हे मुख्य काम ठरते. गरजांतील हा फरक टिपण्यासाठी गावनिहाय पाण्याचा ताळेबंद मांडून ग्राम कृषी संजीवनी समितीमार्फत आराखडा करण्याची पद्धत प्रकल्पाने स्वीकारली, आणि तीच त्याची सर्वांत मोलाची बाजू होय. ठिबक व तुषार संच, रुंद वरंबा-सरीवरील पेरणी, तसेच शेतकरी उत्पादक कंपन्यांची गोदामे यांनाही साहाय्य देण्यात आले.

वैयक्तिक लाभाचे अनुदान काम पूर्ण झाल्यावर आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होत असल्याने गळतीला आळा बसला. परंतु आधी पदरचा पैसा घालावा लागत असल्यामुळे, ज्यांना अनुदानाची सर्वाधिक गरज होती त्या अल्पभूधारकांना अर्ज करणेच अवघड झाले, आणि हा दोष गंभीर आहे. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्ह्यांचा समावेश करण्यात आला.