सनदेनंतरची विद्या

पशुवैद्यकाचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक महाविद्यालयांच्या स्थापनेची वर्षे देतात, दानशूर आश्रयदात्यांची नामावली सांगतात आणि पदवीदानाच्या समारंभापाशी येऊन थांबतात. मला मात्र असे वाटत आले आहे की आपल्या देशातील या व्यवसायाची खरी कथा सनद हाती पडल्यानंतरच सुरू होते. मुंबई इलाख्यातील ज्या पशुवैद्याने १८९५ च्या सुमारास परळच्या महाविद्यालयातून बाहेर पडून चाकरी धरली आणि पुढे सदतीस-अडतीस वर्षांनी सेवानिवृत्ती पत्करली, त्याला बुळकांडीसारख्या एकाच रोगाच्या प्रतिबंधाच्या निदान तीन पद्धती कारकिर्दीत नव्याने आत्मसात कराव्या लागल्या, आणि त्यांपैकी एकीचाही पाठ त्याला वर्गात मिळालेला नव्हता.

इंग्रजी अमलापूर्वी ही विद्या ग्रंथांत होती आणि कसबी माणसांच्या हातांतही होती. परंतु ग्रंथ आणि हात यांची गाठ क्वचितच पडे. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेले अश्वशास्त्र, पालकाप्याचा 'हस्त्यायुर्वेद', चालुक्य नृपती सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'तील हत्ती-घोड्यांविषयीची प्रकरणे ही ग्रंथसंपदा पंडितांच्या बासनांत बांधलेली राहिली. हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापून काढला, तेव्हा हत्तींच्या झुंडी बाळगणारी सरदारी घराणी नामशेष होत चालली होती. उलटपक्षी पागेतल्या माणसाला ग्रंथ ठाऊक नसला तरी घोडा ठाऊक असे. शिवछत्रपतींच्या लष्करी व्यवस्थेचे जे वर्णन सभासदाने करून ठेवले आहे, त्यात पागेतील दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असल्याचा उल्लेख येतो. पाणी आणि खूर या दोन गोष्टी सांभाळल्या की घोड्याची निम्मी दुखणी टळतात, हे ज्या व्यवस्थेने ओळखले होते तिला पशुवैद्यकाचे ज्ञान नव्हते असे कोण म्हणेल? दुखणाईत घोडा मात्र सलोत्र्याच्या हवाली होई, आणि सलोत्र्याचे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई. ते लिहिले जात नसे, तपासले जात नसे आणि घराबाहेर सहसा पडत नसे.

या मौखिक विद्येला शाळेचे रूप देण्याचा पहिला प्रयत्न आपल्या पुण्यातच झाला, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणाला ठाऊक नाही. १८६२ साली पुण्यास लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली आणि मुंबई लष्करातील हॅलन हे पशुवैद्य तिच्या प्रमुखपदी होते. शाळेचा उद्देश मर्यादित होता: घोडदळाला सलोत्री हवे होते आणि ते देशी माणसांतून तयार करावयाचे होते. गाई-बैलांचा विचार त्यात नव्हता. तो करणे सरकारला भाग पडले ते गुरांच्या साथींनी महसुलाचा पायाच हादरू लागला तेव्हा. आणि त्यासाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपदही हॅलन यांच्याकडेच आले. आयोगाचा अहवाल १८७१ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळा निघावयास मात्र १८८९ चा डिसेंबर उजाडावा लागला. तीही प्रथम पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाच्या आवारात थाटली गेली, आणि दाट वस्तीत साथीच्या रोगांची बीजे बाळगणे धोक्याचे म्हणून १८९३ साली कुमाऊँच्या डोंगरात, सुमारे ७,५०० फूट उंचीवरील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली.

मधल्या काळात मुंबईत एक वेगळे बीज रुजले होते. सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या नावे परळास जनावरांचे रुग्णालय बांधून दिले होते. त्या बाई साकरबाई रुग्णालयाच्या आश्रयाने १८८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, आणि जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य झाले. स्टील यांच्याविषयी मला विशेष आदर वाटतो, आणि त्याचे कारण त्यांनी महाविद्यालय काढले एवढेच नाही. त्याच्या चार वर्षे आधी, १८८२ साली, त्यांनी हिंदुस्थानातील पशुवैद्यकासाठी एक त्रैमासिक काढले होते. विद्यार्थी अजून यावयाचे होते, वर्गाच्या भिंती उभ्या राहावयाच्या होत्या. परंतु दूरदूरच्या छावण्यांत एकेकटे पडलेले जे पशुवैद्य होते त्यांनी एकमेकांचे अनुभव वाचावेत, आपली चुकलेली निदाने आणि साधलेले उपचार छापून मांडावेत, ही निकड त्यांना आधी जाणवली. १८९१ साली, चाळिशीही न गाठता, स्टील निवर्तले. इंग्लंडच्या शाही पशुवैद्यक परिषदेने त्यांच्या नावे एक पदक ठेवले आहे.

ज्या एका रोगाने स्टील यांना ब्रह्मदेशात नेले त्याची हकीकत येथे सांगितलीच पाहिजे, कारण पदवीनंतरच्या अध्ययनाचे तिच्याइतके ठसठशीत उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही. घोडे, खेचरे आणि उंट यांना क्षीण करून मारणारा 'सर्रा' हा रोग सरहद्दीवरील फौजांना छळीत होता. १८८० साली डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने आजारी जनावरांच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यात तांबड्या कणांना ढुसण्या देत वळवळणारा एक सजीव त्याला दिसला. रोगकारक ट्रिपॅनोसोम मनुष्याने ओळखल्याचा तो पहिला प्रसंग होय. इव्हान्स मूळचा वेल्सचा. तोफखान्याचा पशुवैद्य म्हणून कॅनडात माँट्रियलला नेमणूक झाली असता, नोकरी सांभाळून त्याने तेथील मॅकगिल विद्यापीठात मानवी वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८६४ साली ती पदवी मिळविली. सूक्ष्मदर्शकाचा छंदही त्याने असाच, कोणी न सांगता, लावून घेतला होता. वरिष्ठांनी त्याच्या शोधावर विश्वास ठेवला नाही. असले जीव निरोगी उंदरांच्या रक्तातही सापडतात, सबब ते निरुपद्रवी असावेत, असा तज्ज्ञांचा कौल पडला. पाच वर्षांनी स्टील यांना ब्रह्मदेशातील खेचरांच्या रक्तात तोच जीव आढळला. त्याची जात ओळखण्यात त्यांची गल्लत झाली खरी, तथापि त्याला इव्हान्सचे नाव त्यांनीच दिले आणि ते आजतागायत टिकले आहे. इव्हान्स पुरी शंभर वर्षे जगला. १९३५ साली तो वारला तेव्हा त्याचा शोध जगभरच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला होता.

आता बुळकांडीकडे वळतो. तीव्र ताप, तोंडात व्रण, डोळ्यांना धार, आणि मग दुर्गंधीयुक्त अतिसार. आठवडा-दीड आठवड्यात गोठाच्या गोठा रिकामा होई. १८९७ साली प्लेगच्या चौकशीसाठी मुंबईस आलेले रॉबर्ट कॉख मुक्तेश्वरलाही जाऊन आले. दक्षिण आफ्रिकेतील बुळकांडीवर त्यांनी नुकतेच प्रयोग केले होते. त्यानंतर थोड्याच काळात मुक्तेश्वरास सीरम तयार होऊ लागले. ते टोचल्याने मिळणारे संरक्षण अल्पजीवी असे, म्हणून पुढे शरीराच्या एका बाजूस सीरम आणि दुसऱ्या बाजूस रोगी जनावराचे रक्त एकाच वेळी टोचण्याची युक्ती निघाली. ही पद्धत परिणामकारक होती आणि धोकादायकही होती. त्या रक्तावाटे गोचीडतापाचे जंतू निरोगी जनावरात शिरत आणि बुळकांडीतून वाचलेले गुरू दुसऱ्याच रोगाने दगावे. टोचणीनंतर रोज ताप पाहणे, लघवीचा रंग न्याहाळणे, संशय येताच रक्ताची काच तयार करणे हे सारे पशुवैद्याला नव्याने शिकावे लागले. अखेर १९२७ च्या सुमारास मुक्तेश्वरचे एडवर्ड्स यांनी हा विषाणू शेळ्यांतून पुनःपुन्हा नेऊन गुरांपुरता सौम्य केला, आणि एका टोचणीत दीर्घकालीन प्रतिकारशक्ती देणारी लस हाती आली.

लस हाती आली म्हणजे काम झाले असे नव्हे. ती जिवंत होती, आणि जिवंत वस्तू नासते. कुपीतील कोरडी वडी थंड केलेल्या मिठाच्या पाण्यात विरघळवावी, बर्फात ठेवावी, सावलीत ठेवावी, काही तासांत संपवावी आणि उरलेली नष्ट करावी. पिचकारी उकळावी, पण पुरती निवल्याखेरीज तीत लस ओढू नये. सुईला स्पिरिट लागले असल्यास ते उडून जाऊ द्यावे, नाहीतर तेच स्पिरिट लस मारते. यांतील एकेक सूचना क्षुल्लक दिसते. परंतु चैत्रातल्या दुपारी, गावकुसाबाहेर जमलेल्या दोन-अडीचशे गुरांपुढे, यांपैकी एक सूचना विसरली गेली तर त्या गावाची सगळी टोचणी व्यर्थ जाई आणि ते कळे साथ आल्यावर. अशा वेळी पशुवैद्याच्या हाताशी कोण असे? व्रणोपचारक आणि परिचर. खोड्यात जनावर घालणारा, बैलाची वेसण धरणारा, पिचकाऱ्या उकळणारा, जखमेतले किडे काढून ड्रेसिंग बांधणारा, आणि साहेब दौऱ्यावर असले की दाराशी आलेल्या शेतकऱ्याला धीर देणारा तोच. १९५४ साली राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, देशातील शेवटचा उद्रेक १९९५ साली झाला, आणि २०११ साली बुळकांडी पृथ्वीवरून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर मनुष्याने नामशेष केलेला हा दुसराच रोग. त्या यशाच्या इतिहासात मुक्तेश्वरच्या संशोधकांची नावे आहेत आणि ती असावयासच हवीत. पण पिचकारी निववण्याचा नियम गावोगावी ज्यांनी पाळला त्यांना तो कोणी, केव्हा, कसा शिकविला, याची नोंद शोधू गेल्यास दप्तर रिकामे आढळते. त्यांचे शिक्षण दवाखान्याच्या ओट्यावर, एका माणसाने दुसऱ्याला दाखवून झाले. सलोत्र्यांच्या काळात विद्या अशीच चालत असे.

पुढील काळात शिकण्याच्या गोष्टी वाढतच गेल्या. कृत्रिम रेतनाचा प्रयोग आपल्या देशात १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या गोशाळेत झाला. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला 'बाएफ' ही संस्था स्थापन केल्यावर संकरित गाईचा प्रसार जोमाने सुरू झाला आणि गोठवलेले रेत खेड्यांपर्यंत जाऊन पोहोचले. ज्यांनी विद्यार्थिदशेत द्रवरूप नत्र पाहिलेही नव्हते, त्यांना उणे १९६ अंशांच्या पात्रातून बारीक नळी काढून कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरण्याची आणि गुदमार्गातून गर्भाशयमुख बोटांनी चाचपून ती अचूक जागी रिती करण्याची कला मध्यमवयात साधावी लागली. बाएफने तर खेड्यातील तरुणांनाच हे काम शिकवून शेतकऱ्याच्या दारापर्यंत पाठविले. उलट, काही गोष्टी विसराव्याही लागल्या. डायक्लोफिनॅक हे सूज आणि वेदना कमी करणारे औषध प्रत्येक दवाखान्याच्या कपाटात असे. ते टोचलेल्या जनावराचे शव खाऊन गिधाडे मरतात हे सिद्ध झाल्यावर २००६ साली पशूंसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅमकडे वळावे लागले. पदवीच्या वेळी निर्दोष ठरलेले औषध वीस वर्षांनी एका पक्षिकुळाचा घात करणारे ठरते, हे ज्या व्यवसायात घडते त्यात एकदाच परीक्षा देऊन जन्मभर निश्चिंत राहणे परवडणारे नाही.

इंग्लंडमध्ये या अध्ययनाला हळूहळू हिशेबी रूप आले. तेथील शाही परिषदेने १९६१ साली पशुशुश्रूषा करणाऱ्या साहाय्यकांसाठी प्रशिक्षणाची योजना सुरू केली आणि १९८४ साली त्यांना परिचारिका हे नामाभिधान मिळाले. आज तेथे पशुवैद्याने वर्षास ३५ तास आणि नोंदणीकृत परिचारिकेने १५ तास अध्ययन केल्याचे दाखवावे लागते. त्याच १९८४ साली आपल्याकडे भारतीय पशुवैद्यक परिषदेचा कायदा झाला. त्याने पशुवैद्याची नोंदवही निर्माण केली आणि भोंदूगिरीला आळा घातला, हे त्याचे मोठे कार्य आहे. पशुवैद्यांसाठी निरंतर शिक्षणाचे वर्गही राज्य परिषदांमार्फत भरू लागले. साहाय्यकाची आठवण कायद्याला आहे ती एवढीच, की प्रमाणपत्रधारक माणसाने नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा द्याव्यात. ती नोंदवही त्याची नाही, आणि त्याने नवे काही शिकावे अशी अपेक्षा करणारा किंवा त्याला ते शिकविण्यास बांधलेला कोणी त्या कायद्यात मला दिसत नाही.

२०२२ साली लम्पी त्वचारोग महाराष्ट्रात पसरला. गुरांसाठी शेळ्यांच्या देवीची लस वापरण्याचे ठरले, आणि लसीकरणाची घाई अशी झाली की जिल्ह्याजिल्ह्यांत उपलब्ध असलेला प्रत्येक हात कामास लागला. जनावरागणिक सुई बदला, बाधित गोठ्यातून निरोगी गोठ्यात थेट जाऊ नका, माश्या-गोचिडांचा बंदोबस्त करा, कुपी बर्फाबाहेर ठेवू नका: या सूचना पशुधन विकास अधिकाऱ्यांना परिपत्रकांतून मिळाल्या. व्रणोपचारकाला त्या मिळाल्या दवाखान्याच्या ओट्यावर, त्याच दिवशी सकाळी, गाडीत शीतपेटी चढविताना. आणि त्यांवर भरवसा ठेवून तो खोड्यापाशी उभा राहिला. त्याच्या शिकण्याचे तास मोजणारी वही या राज्यात आता उघडली जावी आणि तिचा खर्च पशुसंवर्धन खात्याने उचलावा, अशी माझी मागणी आहे.